शाई वाळेपर्यंत

१

शाई तपासायची ती दिवसाउजेडी, सकाळी दहा ते बारा, हा त्याचा नियम होता. दिव्याखाली लाल रंग खोटं बोलतो असं तो म्हणायचा, आणि शाईच्या कारखान्यातले लोक मुकाट्यानं मान डोलवायचे, कारण या बाबतीत त्याच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. कारखान्यात त्याला सगळे नमुनेवाला म्हणत. नवी शाई बाजारात जाण्याआधी तिची एक छोटी बाटली त्याच्या घरी यायची. खिडकीपाशी टेबल, टेबलावर जाड कोरी कार्डं, काचेची मोजपट्टी आणि मोठ्या सेकंदकाट्याचं घड्याळ. पेन भरायचं आणि एका कार्डावर एकच ओळ पाच वेळा, एकाखाली एक लिहायची: "ऊठ, खिडकी उघड, ढग गेले बघ." ओळ त्यानंच जुळवलेली. शाई पसरणारी असली की ठ आणि ढ यांची पोटं भरून जात, ते या ओळीत लगेच कळायचं.

मग पुसायचं. पहिली ओळ लिहून झाली की पाच सेकंदांनी तिच्यावरून बोट ओढायचं, दुसरीवरून दहा सेकंदांनी, तिसरीवरून पंधरा, असं पाचवीपर्यंत. ज्या ओळीवर फराटा उमटत नाही, तेवढा वेळ शाईला वाळायला लागतो. बस, एवढंच काम. पण ते तो असा मन लावून करायचा की शेजारी कोणी मोठ्यानं शिंकलं तरी त्याचा पारा चढायचा.

शेजारी मोठ्यानं शिंकायची मुभा एकाच माणसाला होती. पुसण्याचं काम टिपकीचं होतं. टिपकी म्हणजे त्याची मुलगी. जिथं बोट लागेल तिथं शाईचा टिपका ठेवून जायची म्हणून हे नाव. टेबलाच्या डाव्या बाजूला एका लाकडी खोक्यावर ती उभी राहायची, तो मोजायचा, "पूस!" म्हणायचा, आणि ती जीभ बाहेर काढून बोट ओढायची. तीन ओळी झाल्या की बाईसाहेबांना कंटाळा यायचा. खोक्यावरून धाडकन उडी, आणि पळाली बाहेर खेळायला. उरलेल्या दोन ओळी तो पुसायचा. कारखान्यातला रसायनवाला फोनवर चिडवायचा, "काय हो, तुमचं बोट तिसऱ्या ओळीनंतर सुजतं की काय?"

टिपकी सातव्या वर्षी गेली. तीन दिवसांचा ताप, आणि संपलं. त्याला आता दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून पाचही ओळी तोच पुसत होता. त्याच्या बायकोनं त्या खोलीत पाऊल टाकणं सोडलं होतं. ती वृद्धाश्रमात नर्स होती. दुपारपाळीला निघायच्या आधी त्याच्या दाराबाहेरच्या स्टुलावर कप ठेवायची, "चहा" म्हणायची आणि निघून जायची. दोघांत भांडण नव्हतं. बोलायला काही उरलं नव्हतं, इतकंच.

२

ही बाटली अंगठ्याएवढी होती. आत लाल शाई. रसायनवाल्यानं फोनवर तोंड भरून कौतुक केलं होतं. "गुलाबाचा वास घातलाय. लिहिताना यायला हवा, वाळल्यावर जायला हवा. नाक लावून बघा आणि तीन कार्डं पाठवा."

त्यानं पेन भरलं, पहिली ओळ लिहिली आणि नाक खाली नेलं. गुलाब नव्हता. संत्र्याची गोळी होती, चोखून अर्धी झालेली. आणि तिच्यामागे उन्हात खेळून आलेल्या डोक्याचा, घामेजलेल्या केसांचा वास.

तो तसाच थांबला. त्यानं टेबलाची कड धरली. त्याच वेळी डाव्या बाजूचं लाकडी खोकं करकरलं. ते त्यानं तिथून कधी हलवलंच नव्हतं. लाकूड आहे, हवा बदलली की वाजतं, असं त्यानं मनाशी म्हटलं.

"चहा," बाहेरून बायकोचा आवाज आला. त्यानं दाराकडे बघून हुंकार दिला आणि परत कार्डाकडे वळला.

ओळ पुसलेली होती.

डावीकडून उजवीकडे, सरळ, एका दमात. त्यानं आधी आपली बाही बघितली. कोरडी. मग दोन्ही हातांची बोटं बघितली. स्वच्छ. मग सवयीनं काचेची मोजपट्टी फराट्यावर ठेवली. आठ मिलिमीटर. त्याच्या स्वतःच्या बोटाचा फराटा पंधरा भरायचा, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

पुढच्या चार ओळी त्या दिवशी त्यानं लिहिल्या नाहीत. चहा बाहेर निवून गेला.

३

दुसऱ्या दिवशी तो स्वतःला चांगला दम देऊन बसला. माणसाचं मन दोन वर्षं उपाशी असलं की त्याला काहीही दिसतं. आज डोळ्यांत तेल घालून बघायचं, आणि काही नाही अशी खात्री झाली की कामाला लागायचं.

त्यानं ओळ लिहिली. संत्र्याची गोळी, ऊन, केस. खोकं करकरलं. तो मोजायला लागला. पाचाला काही झालं नाही. दहाला नाही. तीस झाले, साठ झाले, शाई ओलीच. एवढा वेळ कुठलीच शाई ओली राहत नाही. अक्षरं नुकती लिहिल्यासारखी चमकत होती, कशाची तरी वाट बघत असल्यासारखी. मग त्याच्या लक्षात आलं. आपण तो शब्द म्हटलेला नाही.

"पूस," तो म्हणाला.

ओळीच्या डाव्या टोकाला शाई दबली, थोडी बाजूला झाली, आणि एक अरुंद लाल पट्टा अक्षरांवरून सरकत सरकत शेवटच्या "बघ"पर्यंत गेला. मग क्षणात सगळं वाळलं. वासही गेला.

पळावं असं पायांना वाटत होतं, आणि हात दुसरी ओळ लिहीत होता. दुसरी पुसली गेली, तिसरीही. चौथी त्यानं घाईघाईनं लिहिली, तर खोक्यावरून धाडकन उडी मारल्याचा आवाज झाला आणि दाराकडे पावलं धावत गेली. चौथी ओळ ओली नाही राहिली. अकरा सेकंदांत वाळून गेली, चारचौघींसारखी.

तो टेबलावर डोकं टेकून रडला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला रडू आलं होतं. रडताना तो हसतही होता, कारण कार्टी तीन ओळींच्या वर थांबायला तयारच नव्हती.

४

तिसऱ्या दिवशी तीन ओळी झाल्या. खोकं उडी मारण्याआधी जसं वाजतं तसं वाजलं, आणि तो एकदम म्हणाला, "थांब ना गं. दोनच राहिल्यात. बाबासाठी थांब."

खोकं गप्प झालं. बराच वेळ गप्प होतं. मग चौथी ओळ पुसली गेली, आणि पाचवी.

त्या दिवसापासून ती कधी तीनवर पळाली नाही.

कारखान्याला तीन कार्डं हवी होती, ती झाली होती. ती पाठवून बाटली बंद करायची, ही रीत. त्यानं काही पाठवलं नाही. रसायनवाल्याचा फोन आला तेव्हा, "अजून बघतोय, घाई करू नका," असं त्याला वाटेला लावलं. बायकोला सांगावं असं रोज वाटायचं. दार उघडायचं आणि म्हणायचं, आत ये. पण ती आत आली आणि टिपकी यायची थांबली तर? बायकोला दिसलंच नाही, आणि सगळं आपल्याच डोक्यात आहे असं ठरलं तर? अशी कारणं तो रोज स्वतःला द्यायचा. खरं कारण साधं होतं आणि लाजिरवाणं होतं: त्याला ती एकट्याला हवी होती.

पाचव्या दिवशी खोकं वाजलं नाही. वाजली ती डावीकडची सुटी फरशी. त्यानं वाकून बघितलं. खोकं टेबलाखाली सरकवलेलं होतं, पायानं ढकलल्यासारखं तिरकं. पट्टी लावली. फराटा दहा मिलिमीटर.

शाई घट्ट होत असेल, त्यानं विचार केला. बाटली उघडली की पाणी उडतं, शाई घट्ट होते, फराटा रुंद येतो. हे शास्त्राला धरून होतं, आणि त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला नाही.

५

नवव्या कार्डाला तेरा. संत्र्याची गोळी आता नव्हती; कसल्यातरी स्वस्त सुगंधी साबणाचा वास होता, आणि फराट्याच्या मधोमध नख वाढवल्याची बारीक रेघ. त्या दिवशी त्यानं सगळी कार्डं टेबलावर ओळीनं मांडली आणि त्याला कळायचं ते कळलं. प्रत्येक कार्डाला ती काही वर्षांनी मोठी होत होती. आधी एकेकानं, पुढं पुढं चार-पाचांनी. जी वर्षं तिला मिळाली नाहीत ती या लाल शाईत होती, आणि तो ती एकेक करून वापरत होता.

उद्या लिहायचं नाही, असं त्यानं पक्कं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला त्याच्या हातात पेन होतं. दारू सोडणारे जसे रोज सकाळी सोडतात, तसं त्याचं चाललं होतं.

बाराव्या कार्डावर फराट्यात विणीची जाळी उमटली. बोटाला पट्टी बांधलेली असणार. कशानं कापलं असेल? कोणी बांधली असेल? तो दिवसभर त्याच विचारात होता. पंधराव्यावर फराटे भराभर उमटले, कुठंतरी जायची घाई असलेल्या माणसासारखे. तरी पाचच्या पाच. अठराव्याला फरशीपाशी धाप ऐकू आली, जिना चढून आलेल्या माणसाला लागते तशी. त्यानं मुकाट्यानं बाहेरच्या खोलीतली वेताची खुर्ची आणून डाव्या बाजूला ठेवली. पुढच्या दिवशी ओळ लिहिताच खुर्चीचा वेत हळूहळू दबला. कोणीतरी एका हातानं टेबलाचा आधार घेऊन बसलं होतं. टेबलाला तेवढाच हिसका बसला.

शेजारी बसलेलं माणूस आता त्याच्यापेक्षा वयानं मोठं होतं. हा विचार मनात आला आणि त्यानं डावीकडे बघायचं सोडून दिलं. आधी ती दिसेल या आशेनं तो बघायचा. आता दिसेल या भीतीनं बघत नव्हता.

तेविसाव्या कार्डावर फराटे थरथरले, आणि शाई वाळली तरी वास खोलीत रेंगाळला. बाटली तिरकी धरली तरच पेनाला शाई लागत होती.

६

त्या दिवशी बायकोला सुट्टी होती. "चहा," ती म्हणाली, आणि नेहमीसारखी पावलं परत फिरली नाहीत. दार उघडलं. दोन वर्षांनी ती त्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती.

"हा वास कसला?"

"नव्या शाईचा. सुवासिक आहे ती."

"मला नका शिकवू. सांधेदुखीचं मलम आणि धुऊन धुऊन विटलेली लोकर. ऐंशीच्या पुढची माणसं असतात ना आमच्याकडे, त्यांच्या खोलीतला वास आहे हा." तिनं खोलीभर नजर फिरवली. "कोण होतं इथं?"

त्यानं खण ओढला आणि तेवीसच्या तेवीस कार्डं तिच्या पुढ्यात ठेवली. मग सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

"वेड लागलंय तुम्हाला," असं तिला म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. तिनं आयुष्यभर माणसांचे हात धरले होते, सुया टोचल्या होत्या, नखं कापून दिली होती. ती खिडकीशी गेली आणि एकेक कार्ड उजेडात धरून बघायला लागली.

"हे तिचं," पहिल्यावर ती म्हणाली, आणि तिनं कार्ड गालाला लावलं. पुढची तिनं भराभर बघितली नाहीत. "हे तेरा-चौदाचं... नखं वाढवायला लागली. मी वाढवू दिली नसती... इथं कापलंय. इथं हात भांड्याला भाजलाय बहुतेक, टोकाची कातडी गुळगुळीत झालीय... इथं पेर आखडायला लागलं. इथून संधिवात. माझ्या आईला होता तसा." शेवटचं कार्ड हातात घेऊन ती नुसती उभी राहिली.

"मी दाराबाहेर होते," ती म्हणाली. "रोज. इथून चार हातांवर. ती इथं मोठी होत होती आणि मी बाहेर कप ठेवून जात होते."

"चुकलो गं."

"थांबा." तिनं कार्डं परत चाळली. आवाज शांत होता, आणि त्याची त्याला जास्त भीती वाटली. "या दुसऱ्यावर तीनच ओळी पुसल्यात. ही तिची सवय. मग तिसऱ्यापासून सगळीकडे पाच. असं कसं झालं?"

त्यानं पेनाचं टोपण लावलं.

"मी विचारतेय."

"मी तिला थांब म्हणालो."

"आणि मग जा कधी म्हणालात?"

बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"एकदाही नाही?" ती खुर्चीकडे बघून बोलत होती, त्याच्याकडे नाही. "तीन ओळींत कंटाळणारी पोर. तिचं अख्खं आयुष्य या टेबलापाशी गेलं? हात भाजला तरी इथं, संधिवात झाला तरी इथं. तुम्ही लिहिणार आणि तिनं पुसायचं. आणि लिहिता काय तर ऊठ. रोज पाच वेळा, ऊठ. कुठला बाप म्हातारपणीसुद्धा पोरीला निजू देत नाही हो?"

तो खाली फरशीवर बसला. ती त्याला उठवायला आली नाही, आणि ते बरोबरच होतं.

७

बाटलीत एका ओळीपुरती शाई होती.

"नको," तो म्हणाला. "तिचं वय बघ. ही शेवटची असली तर?"

"म्हणूनच. कोणीतरी सांगायला हवं ना तिला." तिनं त्याच्या खुर्चीत बसून कोरं कार्ड ओढलं. शाईच्या पेनाची तिला सवय नव्हती. निब कागदाला अडत होती. त्याची ओळ तिनं लिहिली नाही. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत तिनं लिहिलं: "जा बाळा, खेळायला जा. आम्ही पुसतो."

मलमाचा वास आला. वेताची खुर्ची दबली, खूप वेळ घेऊन. कोणी मोजलं नाही, कोणी "पूस" म्हटलं नाही. शाई चमकत होती. अकरा सेकंद गेले असतील, वीस गेले असतील, आणि त्याच्या मनात आलं की आता खुर्ची वाजेल, ती उठेल, हळूहळू का होईना दारापर्यंत जाईल.

डाव्या टोकाला शाई दबली.

थरथरत, अडखळत, मध्ये दोनदा दम घेत बोट "जा"वरून गेलं. "बाळा"वरून गेलं. "खेळायला" हा शब्द लांब होता, तिथं ते फार थकलं. ते सरकत होतं तेव्हा त्यानं एकदाच, काचेच्या मोजपट्टीच्या आरपार, डावीकडे बघितलं. डागाळलेल्या कातडीचा, शिरा वर आलेला एक हात, आणि त्याच्यावर वाकलेलं पांढरं, विरळ केसांचं डोकं. जीभ बाहेर काढली होती. पापणी लवली आणि काचेत नुसती खिडकी राहिली.

ओळ संपली. सगळी पुसली गेली. आणि बोट उचललं गेलं नाही. शेवटच्या शब्दापाशी लाल ठिपका दबून होता, ओला, किंचित कापत.

"काय करतेय ती?" बायको कुजबुजली.

त्याला माहीत होतं. तिसऱ्या कार्डापासून तो हेच बघत होता.

"पुढच्या ओळीची वाट बघतेय."

बायकोनं आपला तळवा त्या ठिपक्यावर अलगद ठेवला. कितीतरी वेळ ठेवला. तिला हाताला काय लागलं ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. तेवढा हक्क तिचा होता. हात उचलला तेव्हा शाई वाळली होती आणि खोलीत कसलाच वास नव्हता.

तो पूर्ण दिवस ती त्याच खोलीत, त्याच्या खुर्चीत बसून होती. रडताना ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती: तिला वाचायला कोणी शिकवलंच नाही.

ते खरं नव्हतं. सातव्या वर्षी टिपकी छान वाचायची. पण पुसणाऱ्याला ओळ वाचायची गरज नसते, आणि तिला तर आयुष्यभर तशी सवय त्यानंच लावली होती.

८

चार दिवसांनी कारखान्याला काहीतरी कळवणं भाग होतं. लाल बाटली त्यानं फडक्यात गुंडाळून कपाटात टाकली होती. पेन तीनदा धुतलं, नवं म्हणावं इतकं, आणि त्यात साधी निळी शाई भरली, दुकानात कुठंही मिळते ती. अहवालाचा कागद घेतला आणि वर तारीख घातली. "नमुना नापास," एवढीच एक ओळ लिहिली.

वास आला नाही. शाई साधी होती. अकरा सेकंदांत वाळली. तो उठणार इतक्यात वेताची खुर्ची दबली.

त्यानं कागदाकडे बघितलं. वाळलेल्या ओळीवर काहीच उमटलं नाही. फक्त कागद टेबलावर केसभर उजवीकडे सरकला, थांबला, पुन्हा केसभर सरकला. कोरड्या ओळीवरून बोट ओढलं की कागद जसा सरकतो, तसा. शेवटापर्यंत सरकला आणि मग हलेना.

बायको दारात होती. आवाज तिनंही ऐकला होता.

"लाल शाई संपली ना?" तिनं विचारलं.

"संपली. ही साधी आहे."

"तरी आली?"

त्यानं मान हलवली. शाईमुळे ती दिसत होती, एवढंच. त्यानं थांब म्हटल्यापासून ती येत होती ती लिहिण्यामुळे. आता ती किती म्हातारी असेल, ऐंशी, शंभर, की वय मोजायचंच थांबलं असेल, हे सांगणारा फराटाही उरला नव्हता.

बायको आत आली. तिनं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि ओच्यात धरून ठेवलं.

"मग लिहू नका," ती म्हणाली. "काहीच लिहू नका आता. लिहिलंत की तिला उठावं लागतं."

९

त्या घरात आता कोणी लिहीत नाही. आणायच्या वस्तू दोघं एकमेकांना तोंडी सांगतात आणि निम्म्या विसरतात. कामावरच्या नोंदीही ती दुसऱ्या बाईकडून करून घेते. त्यानं कारखान्याला फोन करून काम सोडलं. रसायनवाला विनवण्या करून थकला. तुमच्यासारखं बोट आम्हाला मिळायचं नाही, असं तो म्हणाला, आणि यानं फोन ठेवून दिला.

पुढं महिन्याभरानं एक दिवस दुपारी पोस्टातली बाई आली. कारखान्याकडून नोंदणीचं पाकीट होतं, इतक्या वर्षांच्या कामाबद्दल आभाराचं पत्र असावं. तिनं दारातच कागद पुढं केला, वर पेन ठेवलं आणि घाम पुसत म्हणाली, "इथं सही करा, काका."

त्यानं पेन हातात घेतलं नाही.

"अंगठा चालेल का?"

बाई हसली. तिला वाटलं तो थट्टा करतोय. "तुम्ही आणि अंगठा? अहो, तुमची सही आम्ही पोस्टात एकमेकींना दाखवायचो. असं अक्षर हवं म्हणून."

"आता येत नाही," तो म्हणाला.

तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. हाताला काही झालं असेल असं तिला वाटलं असावं. पुढं काही न विचारता तिनं पिशवीतून शिक्क्याचं जांभळं पॅड काढलं, त्याचा अंगठा आपल्या हातात धरून पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. मागे बायको येऊन उभी राहिली होती. दोघंही कागदाकडे बघत नव्हते. दोघांचे कान आतल्या खोलीकडे होते.

खुर्ची वाजली नाही. बायकोनं सोडलेला सुस्कारा त्याला मानेवर जाणवला. आणि त्याला, आत कुठंतरी खोल, ती वाजायला हवी होती.